मांडीवरचे मूल, आसनावरचे मूल : नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली.

विषय : दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या विमानप्रवासाचे नियम स्पष्ट व लेखी करण्याबाबत.

महोदय,

मी जिल्हा परिषदेत ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली एक आजी आहे. आवक-जावकच्या टेबलावर सुरुवात केली आणि आस्थापना शाखेतून बाहेर पडले, त्यामुळे परिपत्रक कसे निघते, त्याच्या प्रती कुठे कुठे जातात आणि खिडकीवर बसलेल्या माणसापर्यंत येता येता त्याचे काय होते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. मुलांना पालकांजवळ आसन देण्यासाठी आपल्या कार्यालयाने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या एका चांगल्या परिपत्रकाविषयी आणि त्यातल्या ‘एकाच पीएनआरवर’ (म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर) या दोन शब्दांविषयी मुख्यतः हे पत्र आहे. त्या ओघात लहान मुलाला घेऊन विमानाने सहलीला निघालेल्या घराला आणखी कुठे कुठे अडायला होते, तेही लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे, म्हणजे माझी लेक, जावई, नात मनू आणि मी, पुरीला गेलो. जगन्नाथाचे दर्शन ही माझी जुनी इच्छा होती आणि मनूला समुद्र दाखवायचा होता. पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेस जाते, पण तिने दीड दिवसाचा प्रवास आहे. दोन वर्षांच्या मुलाला आगगाडीत दीड दिवस बसवून ठेवायचे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्याला सांगायला नको. विमानाने भुवनेश्वर दोन तासांच्या आसपास आणि पुढे पुरीपर्यंत मोटारीने साधारण ६० किलोमीटर, असा बेत ठरला. सोमवारी निघायचे, शनिवारी परतायचे आणि मधल्या गुरुवारी पुरीतच मनूचा दुसरा वाढदिवस करायचा. या वाढदिवसानेच सगळा घोळ झाला.

आपल्याला हे माहीत आहेच, पण वाचकांसाठी लिहिते. विमान कंपन्यांच्या हिशेबात दोन वर्षे पुरी न झालेले मूल ‘इन्फंट’ असते. त्याला स्वतंत्र आसन नसते, ते मोठ्या माणसाच्या मांडीवर बसते आणि त्याच्यासाठी ठरावीक शुल्क घेतले जाते. दोन वर्षे पूर्ण झाली की ते ‘चाइल्ड’ होते, त्याला आसन घ्यावेच लागते. हा नियम मला मान्य आहे, रेषा कुठेतरी ओढावीच लागते. आमच्या मनूने मात्र ही रेषा सहलीच्या चौथ्या दिवशी ओलांडली. जाताना ती मांडीवरची आणि येताना आसनावरची. आपली भाषा या बाबतीत जास्त जाणती आहे असे मला वाटते. मराठीत मूल आधी तान्हे असते, मग रांगते होते, मग दुडदुडू लागते. विमानाच्या भाषेत रांगते आणि दुडदुडते या दोन्ही अवस्था नाहीतच, आणि माझी नात नेमकी त्यांच्यामधून चालली होती.

जावयांनी सप्टेंबरात स्वस्त भाडे पाहून जाण्यायेण्याची तिकिटे एकत्र काढली आणि मनूचे नाव इन्फंट म्हणून घातले. दोन दिवसांनी कंपनीचा संदेश आला की परतीच्या तारखेला या प्रवाशाचे वय नियमात बसत नाही, तरी संपर्क साधावा. संपर्क साधला. मदत केंद्रावरच्या मुलाने सांगितले की आधीच काढलेल्या पीएनआरमध्ये नवा प्रवासी घालता येत नाही, बाळाचे परतीचे तिकीट वेगळे काढा. म्हणून जावई संकेतस्थळावर वेगळे तिकीट काढायला बसले, तर संकेतस्थळ म्हणाले की १२ वर्षांखालील मूल एकटे प्रवास करू शकत नाही, सोबत प्रौढ प्रवासी हवा. प्रौढ प्रवासी घालायचा तर त्याचे तिकीट दुसऱ्यांदा विकत घ्यायचे! अजून दोन वर्षेही पुरी न झालेल्या मुलीने भुवनेश्वरहून एकटीने परत यायचा घाट घातला आहे, असा त्या यंत्राचा समज झाला होता. शेवटी पुन्हा मदत केंद्र, पुन्हा ४० मिनिटे संगीत, आणि एका वरिष्ठाने आपल्या अधिकारात मनूचे तिकीट काढून दिले. दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडले आहेत, काळजी करू नका, असेही तो म्हणाला. त्याचे बोलणे चांगले होते. मी तेव्हाच जावयांना म्हटले की त्याला हे लिहून द्यायला सांगा. ते हसले.

परतीच्या आदल्या दिवशी मोबाइलवर चेक-इन केले तेव्हा लेकीला नवव्या रांगेत खिडकी मिळाली, जावयांना चौदाव्यात मधले आसन, मला एकविसाव्यात. मनूचे आसन आले १७ सी. दोन वर्षे आणि एक दिवस वयाच्या मुलीला, कडेचे आसन, एकटीला.

आता परिपत्रकाकडे येते. आपल्या कार्यालयाने एप्रिल २०२४ मध्ये सर्व विमान कंपन्यांना कळवले की १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना, एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाजवळ आसन द्यावे आणि त्याची नोंद ठेवावी. ‘नोंद ठेवावी’ हे वाचून मला समाधान वाटले, कारण ज्याची नोंद नाही ते काम झालेच नाही असे आम्ही कार्यालयात मानत असू. आवडीचे आसन, खाणे, वाद्ये, खेळाचे सामान या गोष्टींसाठी कंपन्यांना वेगळे पैसे घेण्याची मुभा आपण दिलेली आहे. त्या मुभेमुळे आई आणि मूल यांना शेजारी बसण्यासाठी पैसे मोजावे लागू नयेत, हा या आदेशामागचा हेतू उघड आहे. आदेश चांगला आहे. पण ‘एकाच पीएनआरवर’ या शब्दांमुळे माझी नात त्यातून बाहेर पडली. काउंटरवरच्या मुलीने तेच सांगितले आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच होते. तिच्या पडद्यावर मनू हा स्वतंत्र पीएनआर होता, त्यावर दुसरे कोणी नव्हते, तेव्हा तिला कोणाजवळ बसवायचे हा प्रश्नच यंत्राला पडला नव्हता. शेजारची आसने हवी असतील तर ती ‘पसंतीची’ आहेत, दोन आसनांचे शुल्क पडेल, असे ती म्हणाली.

जावई पैसे द्यायला निघाले होते, मी थांबवले. माझ्या पिशवीत त्या आदेशाच्या बातमीचे कात्रण होते (सवय जात नाही). ते मी तिला दाखवले. तिने ते वाचले, मागे जाऊन कोणाला तरी विचारून आली, आणि मग काही न बोलता लेकीला सतराव्या रांगेत मधले आसन दिले. मनूला खिडकी मिळाली. त्या मुलीचे वय पंचवीस असेल नसेल. तिने कोणत्या अधिकारात हे केले ते मला ठाऊक नाही, पण मनापासून केले. जाताना तिने मनूच्या मनगटाला सामानाची एक कोरी चिठ्ठी बांगडीसारखी गुंडाळून दिली, ती मनूने घरी येईपर्यंत काढू दिली नाही.

मला या मुलीचे आभार मानायचे आहेत आणि त्याच वेळी हेही सांगायचे आहे की आमचे काम तिच्या चांगुलपणावर अवलंबून असायला नको होते. आमच्या मागे रांगेत जे जोडपे होते त्यांच्याकडे कात्रण नव्हते. कदाचित त्यांना दुसऱ्या काउंटरवर दुसरा कोणी भेटला असता. म्हणून या पत्रात कंपनीचे नाव मी लिहीत नाही. गेल्या दोन वर्षांत नातीबरोबर मी चार विमानतळांवरून आणि तीन कंपन्यांच्या विमानांतून गेले आहे, आणि अनुभव सगळीकडे असाच आहे : समोरचा माणूस कनवाळू असला तर सगळे सुरळीत, नसला तर काहीच नाही.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे कंपन्या म्हणतील. २०१६ मध्ये देशातल्या एका मोठ्या कंपनीने विमानातल्या काही रांगा ‘शांत’ म्हणून जाहीर केल्या होत्या आणि तिथे १२ वर्षांखालील मुलांना आसन मिळत नव्हते. ते त्यांच्या यंत्राला जमले होते. मूल कुठे बसू नये हे यंत्राला कळते, तर ते कुठे बसावे हेही शिकवता येईल. आपल्याकडे माझे मागणे इतकेच आहे की आदेशातील ‘एकाच पीएनआरवर’ याच्या पुढे ‘किंवा कंपनीने परस्परांशी जोडलेल्या पीएनआरवर’ असे शब्द घालावेत, आणि प्रवासाच्या मध्येच ज्या मुलाला दोन वर्षे पूर्ण होतात त्याचे तिकीट जाताना इन्फंट व येताना चाइल्ड असे एकाच वेळी काढता आलेच पाहिजे, असे कंपन्यांना बंधनकारक करावे. जन्मतारीख तर तिकीट काढतानाच मागून घेतात. वजाबाकी यंत्राला येत नाही असे नाही.

दुसरी गोष्ट बाबागाडीची. बहुतेक कंपन्या लिहितात की बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येईल आणि ती सामानाच्या वजनात धरली जाणार नाही. हे फार सोयीचे आहे, कारण विमानतळ आता इतके लांबलचक झाले आहेत की सुरक्षा तपासणीपासून शेवटच्या गेटपर्यंत ११ किलोचे मूल, त्याची पिशवी आणि माझे गुडघे एवढे सगळे एकदम नेणे शक्य नसते. जाताना दाराशी गाडी घेतली, तिला चिठ्ठी बांधली. उतरल्यावर ती दाराशी मिळेल असे आम्ही समजून चाललो होतो. विमान थांबले, आम्ही शिडीने खाली आलो, मनू झोपेतून नुकतीच उठलेली आणि अनवाणी, तिचा एक बूट आसनाखाली राहिला होता. गाडी कुठे आहे असे शिडीपाशी विचारले तर सांगितले, पट्ट्यावर येईल. बस भरलेली होती, मूल कडेवर, उन्हाने तापलेली फरसबंदी. पट्ट्यावर गाडी आली ती सर्वांच्या बॅगा आल्यानंतर अगदी शेवटी, आणि तिचे एक चाक वाकलेले होते. पुरीत सहा दिवस ती बाबागाडी उजवीकडेच जात राहिली, त्यामुळे समुद्राच्या कडेच्या रस्त्याने फिरताना जावयांच्या हाताला चांगलाच व्यायाम झाला.

चाक वाकले याचे मला फारसे काही वाटत नाही, वस्तू आहे, मोडते. पण गाडी दाराशी मिळणार की पट्ट्यावर, हे ती घेतानाच सांगता आले असते. आम्ही मग झोळीसारखा कपडा हातात ठेवला असता, बूट पिशवीत घातले असते. गाडीला बांधायच्या चिठ्ठीवर ‘परत मिळण्याचे ठिकाण’ अशी एक ओळ आणि दोन चौकोन छापले तर पुरे आहे. अशा चौकोनांवर खूण करण्यात माझी ३१ वर्षे गेली, त्यामुळे त्यांची किंमत मला कळते.

कानाचे दुखणे यापेक्षा वेगळे आहे, कारण त्यात कोणाचा दोष नाही, फक्त एका वाक्याची उणीव आहे. विमान उंचावर असताना आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बराच कमी. विमान उतरणीला लागले की हा दाब वाढत जातो, आणि कानाच्या आतल्या बाजूला घशाशी जोडणारी जी नळी असते तिच्यातून हवा आत जाऊन दोन्हीकडचा दाब सारखा व्हावा लागतो. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि आडवी असते, म्हणून ती लवकर उघडत नाही आणि कानाचा पडदा आत ओढला जाऊन दुखतो. गिळले की ती उघडते. म्हणूनच उतरताना मुलाला काहीतरी प्यायला, चोखायला द्यावे, हे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि चढतानापेक्षा उतरताना त्रास जास्त होतो हेही सांगतात. जाताना मनू गाढ झोपली होती. विमान कधी उतरू लागले हे आम्हाला कळले नाही, कारण पट्टे बांधायची सूचना झाली तोवर उतरण सुरू होऊन बराच वेळ झाला होता. ती जी किंचाळत उठली, ती चाके जमिनीला लागेपर्यंत रडत होती. झोपलेले मूल गिळत नाही, हे आम्हाला ठाऊक होते, पण त्याला केव्हा उठवायचे हे केवळ वैमानिकालाच ठाऊक असते. येताना मी हवाई सेविकेला आधीच विनंती करून ठेवली. तिने उतरण सुरू होताच येऊन हळूच सांगितले, आम्ही मनूला उठवून पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि ती खिडकीतून ढग पाहत राहिली. दोन वर्षांच्या आसपासची मुले ज्या रांगांत आहेत तिथे जाऊन उतरण सुरू झाल्याचे सांगावे, एवढी ओळ कर्मचाऱ्यांच्या कामाच्या यादीत घातली तर विमानातल्या सगळ्यांचेच कान वाचतील.

सुरक्षा तपासणी आपल्या अखत्यारीत नाही, ती नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोकडे आहे, याची मला कल्पना आहे, म्हणून या पत्राची प्रत त्यांनाही पाठवत आहे. मुलाचे अन्न, दूध आणि त्यासाठीचे पाणी यांना द्रवपदार्थांच्या मर्यादेतून सूट आहे. प्रत्यक्षात एका विमानतळावर फ्लास्कमधले गरम पाणी पाहून जवानाने मान हलवून जाऊ दिले, दुसऱ्या ठिकाणी ते ओतून द्यावे लागले, तिसऱ्या ठिकाणी मला एक घोट पिऊन दाखवायला सांगितले. तिसरी पद्धत मला सर्वांत पटली, तीत संशयही फिटतो आणि पाणीही राहते. नाचणीच्या सत्त्वाची डबी तर प्रत्येक ठिकाणी उघडून हुंगली गेली. त्याबद्दल तक्रार नाही, ती करड्या रंगाची पूड पाहून मीही हुंगली असती. मुलाचे काय नेता येते आणि ते कसे तपासले जाते याचा एक फलक रांगेच्या सुरुवातीला, त्या त्या राज्याच्या भाषेतही लावला तर निम्मे वाद होणार नाहीत.

आता उशिराचे. परतीचे विमान उत्तरेतल्या धुक्यात अडकले आणि आम्हाला ३ तास १० मिनिटे थांबावे लागले. धुक्याला कोण काय करणार? अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल तर प्रवाशांना खाणेपिणे द्यावे, असा आपलाच नियम आहे, आणि तो पाळला गेला. प्रत्येकी एक सँडविच आणि फळांच्या रसाचा एक डबा मिळाला. तिकीट असल्याने मनूलाही मिळाला, हे विशेष. सँडविचमध्ये हिरव्या मिरचीची चटणी होती. आमच्याकडे मेतकूट-भाताचा डबा होता तो पहिल्या तासातच संपला होता, कारण कंटाळलेले मूल भुकेले असते. मी दुधाची चौकशी केली तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला की कूपनावर सँडविचच मिळते. शेवटी दुकानातून १८० रुपयांना एक पेला दूध घेतले, त्यात साखर आधीच घातलेली होती. नियमात ‘खाणेपिणे’ लिहिले आहे, ते कोणाच्या तोंडचे हे लिहिलेले नाही. पाच वर्षांखालील मुलांसाठी दूध, केळे, साधा भात किंवा इडली यांपैकी काहीतरी आणि मागितल्यास गरम पाणी, असे स्पष्ट शब्द त्यात हवेत. केळे तर भारतातल्या कोणत्याही गावात मिळते.

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो लिहिताना मला थोडे जड जाते. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे एक प्रवासी विमान कोसळले. २९६ पैकी ११२ माणसे गेली. त्या विमानात मांडीवरची चार मुले होती. त्या काळच्या पद्धतीनुसार मुख्य हवाई सेविका जॅन ब्राऊन यांनी आयांना मुले पायांशी जमिनीवर ठेवून धरायला सांगितले होते. त्यांतले एक मूल वाचले नाही. अपघातानंतर त्या मुलाची आई समोर आली तेव्हा काय वाटले, ते त्यांनी नंतर अनेकदा सांगितले, आणि मुलांना स्वतंत्र सुरक्षित आसन असावे यासाठी त्या पुढे वर्षानुवर्षे झटल्या. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळानेही तशी शिफारस पुन्हा पुन्हा केली. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने मात्र २००५ मध्ये सक्ती करायला नकार दिला. आसन विकत घ्यावे लागले तर अनेक घरे विमानाऐवजी मोटारीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुले दगावतील, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे मी उडवून लावत नाही. आपल्या रस्त्यांचा विचार केला तर ते आपल्याला अधिकच लागू पडेल. म्हणून मांडीवरच्या मुलांना सक्तीने आसन घ्यायला लावा असे मी म्हणत नाही.

पण ज्या आईबापांना स्वखुशीने जास्त पैसे देऊन मुलाला नीट बांधून बसवायचे आहे, त्यांना काय वापरता येते हे तरी एका जागी वाचायला मिळावे. मनू आसनावर बसली तेव्हा मोठ्या माणसांचा पट्टा तिच्या कमरेला न लागता पोटावर आला, आणि ती दर पाच मिनिटांनी त्याच्या खालून सरकून बाहेर येत होती. १० ते २० किलो वजनाच्या मुलांसाठी आसनाच्या पाठीला अडकवायचे खांद्यांवरचे पट्टे मिळतात, अमेरिकेत त्यांना २००६ पासून मान्यता आहे. ते इथे चालतील का, मोटारीतले मुलांचे आसन विमानात लावता येईल का, हे पाहण्यासाठी मी तीन कंपन्यांची पाने वाचली आणि मला तीन वेगळी उत्तरे मिळाली, त्यांतले एक तर ‘कर्मचाऱ्यांच्या निर्णयानुसार’ असे होते. तिथेही पुन्हा समोरच्या माणसाचीच मर्जी. मांडीवरच्या मुलासाठी जो जोडपट्टा देतात, तोही जाताना आम्हाला मागितल्यावर मिळाला. कारणे सांगितली की लोक ऐकतात, हेही इथेच नोंदवते. तीन आसनांच्या वर सहसा प्राणवायूचे चारच मुखवटे असतात, म्हणून एका बाजूच्या तिघांत मांडीवरचे मूल एकच बसवतात. हे मला एका कर्मचाऱ्याने समजावले तेव्हा कळले, नाहीतर शेजारच्या बाळाच्या आईला उठवून मागे का पाठवले याचा मला रागच आला होता.

पुरी छान झाली, हेही कळवते. गुरुवारी मंदिराच्या आनंदबाजारातून मातीच्या मडक्यातला महाप्रसाद आणला, मनूने त्यातला भात आणि डाळ आपल्या हाताने खाल्ली आणि उरलेला वाळूला भरवला. समुद्राला ती ‘मोठी बादली’ म्हणते.

येत्या मे महिन्यात लेकीला कामानिमित्त गुवाहाटीला जायचे आहे आणि मनूला व मला बरोबर न्यायचा तिचा विचार आहे. लेकीचे तिकीट तिच्या कार्यालयाने काढले आहे, मनूचे आणि माझे जावयांनी, म्हणजे पुन्हा दोन पीएनआर झाले. यंत्राच्या दृष्टीने आता मनूची पालक मी आहे, आणि तिची आई त्याच विमानातली एक अनोळखी प्रवासी. कात्रण पिशवीत ठेवलेलेच आहे. ते काढावे लागण्याआधी आपल्या आदेशाची सुधारित प्रत निघाली, तर तिची एक छापील प्रत मी पदरखर्चाने मागवून घेईन.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषदेची एक निवृत्त कर्मचारी

प्रत माहितीसाठी : नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, नवी दिल्ली.